एक जूनचे दोघे

"जगात जी माणसं टिकली ती लढून टिकली नाहीत, योग्य वेळी बाजूला सरकून टिकली," असं निवृत्त स्टेशन मास्तर सूर्यभान वाव्हळे यांनी पूर्णेच्या बाजारात चार माणसांना सांगितलं, आणि योग्य वेळी बाजूला सरकले. मागं म्हैस उभी होती. म्हैस टिकली. मास्तरांच्या पिशवीतली अंडी टिकली नाहीत.

ती म्हैस सकाळपासून त्याच जागी उभी होती आणि बाजारातल्या प्रत्येकाला दिसत होती. मास्तरांना दिसली नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष समोरून येणाऱ्या सांबप्पा मिटकरींकडं होतं. सांबप्पा म्हणजे तेला-मिठाचे दुकानदार, मास्तरांच्याच वयाचे, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, चालण्यात घाई म्हणून नाही. ते काही अंगावर येत नव्हते. पण गेली दहा-बारा वर्षं मास्तरांचा एक नेम होता. सांबप्पा दिसले की आपला रस्ता बदलायचा. सांबप्पांचाही हाच नेम होता. त्यामुळं मास्तर म्हशीवर गेले त्याच वेळी सांबप्पा समोर दिसलेल्या बांगड्यांच्या दुकानात शिरले, आणि आत गेल्यावर काहीतरी घ्यावं लागतं म्हणून बायकोसाठी, म्हणजे गंगम्मांसाठी, बांगड्या घेऊन बाहेर आले. या भांडणात आजवर कुणाचा फायदा झाला असेल तर तो गंगम्मांचा.

मास्तरांची उभी नोकरी एकेरी लाइनवरच्या आडवळणी स्टेशनांत गेली. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला बाजूच्या लूप लाइनवर उभं करायचं आणि दुसरीला पुढं काढायचं, एवढंच काम, पण जन्मात एकदाही चुकून चालत नाही असं. ते चुकलं नाही. निवृत्तीनंतर हीच विद्या त्यांनी सांबप्पांवर चालवली. फरक इतकाच की इथं दोन्ही गाड्या लूपवर जाऊन उभ्या राहायच्या आणि मेन लाइन मोकळी पडायची.

घरी आल्यावर बायकोनं, सत्यशीलाबाईंनी, पिशवी उघडली आणि मिटली.

"म्हैस आडवी आली," मास्तर म्हणाले.

"म्हैस आडवी आली का तुमी उभे गेलात?"

"बाजार हाय. गर्दी असती."

"सांबप्पा भेटले म्हणा की."

"भेटले न्हाईत. तेच तर."

हे सगळं सुकेशनी ऐकत होती. ही त्यांची एकुलती एक लेक. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जोडून सुट्टी काढून बंगळुराहून आली होती. तिथं ती एका संशोधन संस्थेत काम करायची, आणि काम काय करते हे मास्तर गावभर मोठ्या अभिमानानं आणि दर वेळी वेगळं सांगायचे. खरं काम असं होतं: आकाशात दोन विमानं एकमेकांच्या वाटेवर आली आणि वैमानिकांना विचार करायला वेळच उरला नाही, तर विमानांनी आपली आपण वाट काढून सुटावं, यासाठीचं गणित ती बसवत होती. या शास्त्राला मराठीत इष्टतम नियंत्रण म्हणतात. म्हणजे, म्हणावं असं ठरलेलं आहे. म्हणत कुणी नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या ह्या टाळण्यावर माझा एक धडा निघंल."

तिनं टोपलीतले दोन कांदे घेतले आणि ओट्यावर समोरासमोर ठेवले.

"हे तुमी. हे सांबप्पाकाका."

"मी लहान कांदा का?"

"कांद्यावर नका जाऊ. आता दोघं सरळ येत राहिले तर आदळणार. मग वळायचं. पण किती, कधी? लय आधी लय वळलं तर इंधन जातं, वेळ जातो. लय उशिरा वळलं तर झटका बसतो, लोकांच्या मांडीवरचे चहा सांडतात. मधी कुठंतरी एक वाट असती, जिच्यात अंतरबी राहतं आणि सगळ्यात कमी वाया जातं. ती शोधायची. ती बी क्षणाक्षणाला नव्यानं, कारण समोरचाबी हलायलाय."

"बराबर."

"आता तुमचं बघा. काकांचं दुकान लागू नये म्हणून तुमी स्टेशनाच्या मागून, नाल्यावरून वळसा घालून वाचनालयात जाता. अंतर राहतं. पण गुडघे कुणाचे झिजायलेत?"

"अंतर राखणं महत्त्वाचं."

"तुमी अंतराला लय भाव दिला आणि गुडघ्याला काहीच न्हाई. असं गणित मी मांडलं तर परभणीहून निघालेलं विमान समोरच्याला टाळायला श्रीलंकेवरून जाईल."

सत्यशीलाबाई भाकरी थापता थापता हसल्या. मास्तरांना हे आवडलं नाही. त्यांनी रेल्वेच्या अनुभवातून मार्गदर्शन करायचं ठरवलं.

"एवढं गणित कशाला. एकाला लूपवर घ्यायचं, दुसऱ्याला सोडायचं."

"विमान थांबत न्हाई, बाबा. थांबलं की पडतं."

मास्तरांनी यावर बराच विचार केला. "मग लूप लांब काढायची," ते म्हणाले.

सुकेशनीनं पुन्हा कांदे हातात घेतले. "खरी अडचण पुढं हाय. बराबर समोरासमोर आले की सुटायच्या दोन वाटा असतात आणि दोन्ही सारख्याच चांगल्या. दोघांनी आपापल्या उजव्या हाताला जायचं, न्हाईतर दोघांनी आपापल्या डाव्या. पण एक उजवीकडं गेला आणि दुसरा डावीकडं, तर दोघं एकाच बाजूला येतात. परत समोरासमोर. उजवीकडं जायचा नियम हाय, पण उजवीकडं ढग असंल, तिसरं विमान असंल, तर काय? म्हणून दोघांनी आधी बोलून घ्यायचं. आणि आधी कुणी बोलायचं हेबी ठरलेलं पाहिजे. प्रत्येकाला एक नंबर असतो. ज्याचा नंबर लहान, त्यानं आधी सांगायचं, मी इकडं चाललो. मोठ्यानं ऐकायचं."

मास्तर ताठ बसले. "लहान्यानं आधी बोलायचं?"

"हां."

"हे शास्त्रात हाय?"

"हाय."

"ऐकलंस का गं," मास्तर बायकोला म्हणाले. "शास्त्रात हाय. मी तरी दुसरं काय म्हणायलोय इतकी वर्षं."

आता हे प्रकरण मुळात काय होतं ते सांगायला हवं, कारण ते सांगितल्यावर लहान वाटतं आणि न सांगितल्यास मोठं.

मास्तर आणि सांबप्पा शाळेत एका पाटावर होते. पुढं एकानं दुकान घेतलं, एकानं हिरवी झेंडी घेतली, पण मैत्री राहिली. सांबप्पा भेटले की आधी "जय भीम" म्हणायचे आणि मास्तर "शरणार्थ, अप्पा" म्हणायचे. एकमेकांचा नमस्कार वापरायची ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती. तंबाखू मास्तरांच्या खिशात असायची आणि चुना सांबप्पांच्या. दोघं भेटल्याशिवाय कुणालाच विडा जमायचा नाही, म्हणून दोघं भेटायचेच. निवृत्ती जवळ आली तेव्हा सांबप्पांनीच आपल्या रानाला लागून असलेला तुकडा मास्तरांना मिळवून दिला, म्हातारपणी मधल्या बांधावर बसून तंबाखू मळता येईल या हिशेबानं.

मग दोघं गंगाखेडला एका लग्नाला गेले आणि एसटीनं परत निघाले. गाडीत एकच जागा मोकळी होती.

"बसा मास्तर," सांबप्पा म्हणाले.

"छे, तुमी बसा. तुमी थोरले."

"मी कसला थोरला. थोरले तुमी. बसा."

"अप्पा, तुमचं वय झालंय. बसा."

"माझं? तुमच्या डोक्याकडं बघा की जरा."

निजामाच्या राज्यात दोनशे वर्षं काढलेल्या मुलखात आदब अशी सहजी संपत नाही. दोघंही एकमेकांना थोरलेपण देत राहिले आणि कुणीच घेईना. तेवढ्यात कुणा पाहुण्याची बकरी, आणि बकरीच्या मागून पाहुणा, त्या जागेवर स्थिर झाला. बकरी खिडकीशी होती. पूर्णेपर्यंत दोघं उभे आले. उतरताना सांबप्पा म्हणाले, "तुमच्या मोठेपणापायी कंबर गेली." मास्तर म्हणाले, "मोठेपणा कुणी केला ते बकरीला विचारा." तेव्हापासून बोलणं बंद.

आता जो लहान त्यानं पडतं घ्यावं, थोरल्याशी आधी बोलावं, ही रीत दोघांनाही मान्य होती. पण एसटीत जे थोरलेपण दोघांनी हात जोडून परत केलं होतं, त्यावर आता दोघंही हक्क सांगू लागले. मास्तर म्हणायचे, मी मोठा. सांबप्पा म्हणायचे, मी मोठा. खरं काय ते कळायला मार्ग नव्हता. त्या पिढीचं पोरगं शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? मास्तरांचे वडील म्हणाले होते, नदीनं वाट मोडली त्या साली. सांबप्पांचे वडील म्हणाले होते, पांढरा बैल गेला त्याच्या आसपास. गुरुजींनी दोघांच्याही नावापुढं एक जून लिहिला, साल वर्गात बसेल असं टाकलं, आणि घंटा वाजवली. त्यामुळं पूर्णेतली निम्मी म्हातारी माणसं एकाच दिवशी जन्मली आहेत, आणि सूर्यभान व सांबप्पा तर एकाच दिवशी, एकाच साली आणि एकाच शाईनं.

मास्तरांना सांबप्पांशी बोलायचं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही फारसं नाही. फक्त आधी बोलायचं नव्हतं. त्यांनी दोन तोंडांची डबी घेतली होती, एका बाजूला तंबाखू, एका बाजूला चुना. पण चुना ओला ठेवायची अक्कल सांबप्पांपाशी होती. मास्तरांच्या डबीत तो दर आठवड्याला भिंतीच्या गिलाव्यासारखा व्हायचा. त्यांनी पाणी टाकून पाहिलं, जास्त टाकून पाहिलं. मग तंबाखू पोहायची.

दोन दिवसांनी सुकेशनीनं आपल्या गणिताची परीक्षा मास्तरांच्या रानात मांडली. खरी विमानं आदळवून बघायला कुणी देत नाही, म्हणून तिनं दोन छोटे ड्रोन आणले होते. परवानगीचे सोपस्कार तिकडूनच उरकले होते. सोयाबीन निघालं होतं, रान मोकळं होतं, वर तारा नव्हत्या. बांधाच्या पलीकडं सांबप्पांची तूर कमरेच्या वर उभी होती.

एक ड्रोन रानाच्या उत्तर टोकाला, एक दक्षिणेला. दोन्ही उठले आणि एकमेकांकडं निघाले. सत्यशीलाबाई जेवणाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मास्तरांनी सवयीनं खिशात हात घातला. तिथं झेंडी नव्हती.

रानाच्या मध्यावर दोन्ही ड्रोन समोरासमोर आले. आणि थांबले.

"वळंना का?" मास्तर म्हणाले.

"बोलायलेत," सुकेशनी लॅपटॉपमध्ये बघत म्हणाली. मग म्हणाली, "न्हाई. बोलंनात."

वारा पश्चिमेचा होता. एक ड्रोन अदबीनं पूर्वेकडं सरकला, समोरच्याला वाट देण्यासाठी. त्याच क्षणी दुसराही अदबीनं पूर्वेकडं सरकला. पुन्हा समोरासमोर. पुन्हा थांबले. पुन्हा दोघं पूर्वेकडं.

"हे काय आसं आट्यापाट्या खेळल्यावानी," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"वाऱ्याबरोबर सरकायला बॅटरी कमी लागती," सुकेशनी बोटं आपटत म्हणाली. "म्हणून दोघंबी तीच बाजू धरायलेत. एकानं आधी सांगितलं असतं तर दुसरा तिकडं गेला नसता. पण आधी कोण..." ती थांबली. कपाळावर हात मारला. "दोघांचा नंबर एकच हाय. मी घाईत एकाचं कार्ड दुसऱ्यात तसंच उतरवलं. प्रत्येकाला वाटायलंय, मी काही लहान न्हाई. समोरचा बोलंल."

मास्तर दोन्ही ड्रोनकडं बघत राहिले. ते एव्हाना बांधावर गेले होते. आदळत नव्हते, सुटतही नव्हते. तोंडाला तोंड लावून, एकमेकांना मान देत देत, सांबप्पांच्या शिवारात शिरत होते.

"दोघं एक जूनचे," मास्तर हळूच म्हणाले.

"हातानं परत आणते," सुकेशनी म्हणाली आणि कळ दाबू लागली. पण नंबर एक, म्हणून हुकूमही दोघांना एकच जाई. एकाला मागं ओढलं की दुसरा पुढं यायचा. शेवटी बॅटरी संपत आली तसे दोघंही, जसं शिकवलं होतं तसे, हळूच खाली उतरले. तुरीत. शेंडे हलले आणि थांबले.

"मी घेऊन येते," सुकेशनी उठली.

"थांब," मास्तर म्हणाले. "उभ्या पिकात न विचारता जात नसतेत. आपली वस्तू दुसऱ्याच्या रानात पडली तर घरातल्या थोरल्यानं जाऊन विचारायचं असतं."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

सत्यशीलाबाईंनी गाठोडं सोडलं, भाकरी काढली, आणि भाकरीकडंच बघत म्हणाल्या, "जावा की मग, थोरले."

पलीकडं तुरीच्या वर पांढरा सदरा हलताना दिसत होता. सांबप्पा रानातच होते.

मास्तर निघाले. चालता चालता त्यांनी भाषण तयार केलं. आमची दोन उपकरणं आपल्या हद्दीत विनापरवाना दाखल झाली आहेत. हे बरं होतं. यात नमस्कार नव्हता, नाव नव्हतं, बोलल्यासारखंही नव्हतं. पुढं, सदर उपकरणं ताब्यात मिळावीत. मग त्यांना वाटलं, एवढी वर्षं गेली, तर दोन शब्द बकरीबद्दलही असावेत. मग वाटलं, बकरी नको. मग वाटलं, गंगम्मांच्या पाठदुखीची विचारपूस करावी, सत्यशीला कधीची सांगायलीय. पण विचारपूस म्हणजे आधी बोलणं झालं. बांधापर्यंत पोचले तेव्हा भाषणात फक्त "विनापरवाना" एवढाच शब्द शिल्लक होता.

परतीच्या पावसानं बांध मऊ झाला होता. वाट एका माणसाची. एका अंगाला गाळ, काळा, पाय घातला तर चप्पल ठेवून घेणारा. दुसऱ्या अंगाला तूर. मास्तर चढले आणि समोर बघतात तर सांबप्पा त्याच बांधावरून येत होते. दोन हातांत दोन ड्रोन, कोंबडे धरावेत तसे, पंखाखाली.

दोघं थांबले. आता मागं म्हैस नव्हती, बांगड्यांचं दुकान नव्हतं.

मास्तर तुरीच्या बाजूला सरकले. सांबप्पाही तुरीच्या बाजूला सरकले. समोरासमोर. मास्तरांना बरं वाटलं नाही, ते गाळाच्या बाजूला आले. सांबप्पांनाही बरं वाटलं नसावं. तेही गाळाच्या बाजूला आले. पुन्हा तुरीकडं. पुन्हा दोघं. रानातून सुकेशनीचं हसू ऐकू आलं आणि तिच्या आईनं तिला दटावलेलंही ऐकू आलं.

सांबप्पा जवळून म्हातारे दिसत होते. मिशी पूर्ण पांढरी झाली होती. बाजाराच्या एका टोकाहून ती अशी दिसत नसे. मास्तरांच्या मनात आलं की हा माझ्यापेक्षा मोठा दिसतो. मग मनात आलं की हाही आत्ता माझ्याकडं बघून हेच म्हणत असणार.

सांबप्पांनी घसा साफ केला. मास्तरांनी कान टवकारले. सांबप्पांनी नुसताच घसा साफ केला होता.

मास्तरांना काही सुचेना तेव्हा हात जातो तिथंच गेला. त्यांनी डबी काढली, तंबाखूची चिमूट तळहातावर घेतली, डबी उलटी केली आणि दुसरं तोंड उघडलं. चुना खडखडीत वाळला होता. त्यांनी नखानं टोकरला. नख दुखलं. सांबप्पा ते बघत होते. पावसात कुणाचं वाळवण भिजताना बघावं तसे बघत होते. त्यांचे दोन्ही हात अडकलेले होते, पण उजवा कोपर आपोआप, जुन्या सवयीनं, सदऱ्याच्या खिशाकडं वळला होता.

मास्तरांनी भाषण आठवून पाहिलं. विनापरवाना. बकरी. कंबर. एक जून. मग त्यांनी तळहात तसाच पुढं धरला.

"अप्पा," ते म्हणाले, "चुना हाय का थोडा?"